शनिवारचा खेळ आणि रविवारचा खेळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा माननीय बाबनरावजी देवघरे, व्यासपीठावर विराजमान असलेले प्राचार्य महोदय आणि निमंत्रित पाहुणे, सत्कारमूर्ती मारोतराव पराते, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. यमुताई, माझे सहकारी बंधुभगिनी, विद्यार्थी मित्रहो, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभी राहिलेली आपली फुटबॉलची मुलं,

अध्यक्षीय भाषण शेवटी व्हायचं असतं. आज ते आधी झालं, कारण अध्यक्षांना पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं आहे. तरीही ते अजून बसून आहेत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मला जे बोलायचं आहे ते त्यांच्या पाठीमागे बोलण्यात काही अर्थ नव्हता.

प्रास्ताविकात आपण ऐकलंत की आपले क्रीडा-संचालक मारोतराव प्रकृतीच्या कारणास्तव, स्वेच्छेने, मुदतीआधी निवृत्त होत आहेत. आज ते प्रतापनगरहून सायकलवर आले. सभागृहाचा जिना आम्ही बरोबर चढलो. मध्ये थांबावं लागलं ते मला. त्यांच्या प्रकृतीबद्दल एवढंच. स्वेच्छेबद्दल पुढे येतोच.

अध्यक्ष महाराज मघाशी म्हणाले की खेळ आता हौशी लोकांचा राहिला नाही, तो व्यवसाय झाला आहे, मारोतरावांना ते उमगलं नाही, आणि हे आपण अमेरिकेत डोळ्यांनी पाहून आलो आहोत. खरं आहे. पाहून आले आहेत. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मारोतराव माझ्या पलीकडे होते. तेव्हा तिथे काय पाहिलं हे मीही सांगू शकतो, आणि आज सांगणार आहे.

सन एकाहत्तरची गोष्ट. मी वनस्पतिशास्त्राच्या संशोधनासाठी तिकडच्या एका विद्यापीठात होतो. मारोतराव त्याच विद्यापीठात क्रीडा-प्रशिक्षणाचे धडे घ्यायला आले होते. विणकराच्या घरातला माणूस, विमानातून उतरला तेव्हा अंगात यमुताईंनी विणलेला स्वेटर आणि बॅगेत चिवड्याचा डबा. गाव लहान, भोवती मक्याची शेतं, आणि मधोमध गावापेक्षा मोठं मैदान.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू पपईसारखा लांबट, आणि बहुतेक वेळ हातातच. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या. चेंडू घेऊन थोडं पुढे घुसायचं, समोरच्यांनी आडवं पाडायचं, उठून पुन्हा रांग लावायची. शनिवारी कॉलेजांचे सामने, रविवारी मोठ्या शहरांतल्या पगारी संघांचे. दोन्हींत पाहायला अधिक मजा कशात, यावर तिथली माणसं जेवताना भांडतात. नवरा-बायको भांडतात. आम्हीही भांडायला लागलो.

डेल नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा माझ्या काचघरात कुंड्या धुवायचं काम करायचा. कॉलेजच्या संघातला. दारातून आत येताना त्याला तिरपं व्हावं लागे. मारोतरावांचा चिवडा त्याने एका बैठकीत संपवला, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना. आम्ही पोचलो त्या वर्षी तो शिक्षण संपवून एका पगारी संघात गेला. गावाला कोण अभिमान. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो लागला.

त्याच सुमारास आपले बाबनरावजी अमेरिकेत आले. ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्या विक्रेत्यांना फिरायला नेलं होतं. संस्थेचे तेव्हाचे चिटणीस म्हणून आम्ही त्यांना शनिवारी मैदानावर नेलं. कडाक्याची थंडी. म्हाताऱ्या बायका गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसल्या होत्या, बँड वाजत होता, आणि आमच्या आसपास ज्याचा त्याचा कोणी ना कोणी मैदानात होता. भाचा, शेजारी, भाडेकरू. शेवटच्या क्षणी आमच्या कॉलेजच्या एका काटकुळ्या मुलाच्या हातून चेंडू निसटला. सामना गेला. तो मुलगा रेषेवरच खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून. लोक घरी गेले असतील असं आपल्याला वाटेल. कोणी हललं नाही. तो उठेपर्यंत सगळं गाव उभं राहिलं. उठला तेव्हा बँडवाल्यांनी जिंकल्यावर वाजवायची धून वाजवली. मारोतराव बाकावर चढून टाळ्या वाजवत होते.

बाबनरावजी म्हणाले, "आनंदराव, हे काय पोट्ट्यांचं गॅदरिंग दाखवून राहिले तुम्ही मले? चेंडू पाडला त्यानं, अन् त्याच्यासाठी बाजा वाजवते?"

दुसऱ्या दिवशी ते आम्हा दोघांना कंपनीच्या मोटारीतून शहरात घेऊन गेले. डेलच्या संघाचा सामना होता. आम्हाला काचेच्या बंद कक्षात बसवलं. आत ऊब, मऊ खुर्च्या, हातात आणून दिलेलं खाणं. बाहेरचा आवाज आत येत नव्हता. बाबनरावजींना ते फार आवडलं.

आता प्रामाणिकपणे सांगतो, रविवारचा खेळ वरच्या दर्जाचा होता. चेंडू कुठून निघाला आणि कुठे पोचला ते डोळ्यांना कळत नव्हतं. तोंडात बोटं घालावी असा वेग. त्याबद्दल मारोतरावांचंही दुमत नव्हतं. पण पाहता पाहता एका धडकेत डेल खाली गेला. सगळे उठले, तो उठला नाही. स्ट्रेचर आलं. तेवढ्या वेळात मैदानावरच्या मोठ्या फलकावर टायरची जाहिरात लागली. खालचे लोक शेंगदाणे घ्यायला उठले. डेलला बाहेर काढलं, त्याच्या जागी दुसरा आला आणि खेळ सुरू झाला.

"याले म्हणते व्यवस्था," बाबनरावजी म्हणाले. "एक गेला का दुसरा तयार."

मारोतराव काचेला कपाळ टेकून उभे होते. म्हणाले, "भाऊ, त्याचा पाय उलटा वळला. तो आपल्या ओळखीचा पोट्टा आहे."

"त्याचेच तर पैसे घेते तो," बाबनरावजी म्हणाले. "पायाचेच घेते. तुम्ही काहून दुःख करून राहिले?"

अध्यक्ष महाराज, हे शब्द आपल्याला आठवत नसतील. माणूस अशी वाक्यं बोलतो आणि खात राहतो. मला आठवतात.

मारोतराव कक्षातून निघाले ते परत आलेच नाहीत. खाली डेलपर्यंत त्यांना कोणी जाऊ दिलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं बसने इस्पितळात गेलो. डेल पांढऱ्या चादरीत पडून होता. त्याने सांगितलं, गुडघा बरेच दिवस दुखत होता. सामन्याआधी सुई टोचायचे, की दुखणं बंद. त्यामुळे गुडघा फाटला तेव्हा त्याला दुखलंच नाही. आवाज ऐकू आला म्हणून कळलं. संघाचा माणूस एकदा येऊन गेला होता, खुंटीवरचा संघाचा कोट परत न्यायला.

मारोतरावांनी विचारलं, पहिली सुई कोणी टोचली? डेल म्हणाला, कॉलेजात. तिथल्याच डॉक्टरने.

तेव्हा शनिवारवाले साधुसंत होते असं मी सांगत नाही. बँड वाजवणारे आणि सुई टोचणारे एकाच आवारात राहत होते. परतीच्या बसमध्ये मारोतरावांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "आनंदराव, खेळ रविवारचाच चांगला आहे. पण पाहाले मजा शनिवारी येते, कारण पाहणाऱ्याले पोट्टा दिसते. इकडं नुसता पाय दिसते. अन् ज्या दिवशी कॉलेजातबी नुसता पायच दिसाले लागन, त्या दिवशी मी दारात आडवा पडीन गा."

पुढे डेल कुबडी घेऊन गावी आला. एका शनिवारी आमच्या शेजारी येऊन बसला. समोरच्या म्हातारीने आपल्या घोंगडीचं अर्धं टोक त्याच्या पायावर टाकलं आणि पुन्हा मैदानाकडे पाहू लागली. न्हाव्याने दुकानातला त्याचा फोटो उतरवला नव्हता.

झालं अमेरिकापुराण. आता नागपुरात येतो.

सत्त्याहत्तर साली आपला संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. पाच-दहा जणांनी हात वर करायची गरज नाही, तुम्ही जुनी मंडळी सगळी तिथे होतात. जागेश्वर नंदनवार आपला आघाडीचा खेळाडू. वडील नाहीत. आई रुख्माबाई विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायची आणि हा पहाटे माग चालवून कॉलेजात यायचा. उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा सुजला. अंतिम सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत बाबनरावजी आपल्या ओळखीचे एक डॉक्टर घेऊन आले. मी तिथेच होतो.

"मारोतराव, खेळू द्या त्याले. मंत्री येऊन राहिले."

"नाही खेळत तो."

"डॉक्टर म्हणते चालते. एक सुई अन् झालं."

मारोतराव डॉक्टरांकडे वळले. "सुई उतरल्यावर काय होईन ते सांगा, डॉक्टरसाहेब. याच्या समोर सांगा." डॉक्टरांनी बाबनरावजींकडे पाहिलं. उत्तर कोणाकडून घ्यायचं हे त्यांना माहीत होतं.

जागेश्वर स्वतःच म्हणाला, "सर, मी खेळतो. एकच तर मॅच आहे."

"अन् उद्यापासून माग कोण चालवन?" मारोतराव म्हणाले. "मागाच्या पावड्या पायानं दाबा लागते रे. मी दाबल्या आहेत. सुई टोचून नाही दबत त्या."

बाबनरावजींचा आवाज चढला. "मी संस्थेचा अध्यक्ष आहो."

"हो," मारोतराव म्हणाले. "म्हणून तुम्हाले हात जोडून सांगतो. बाहेर व्हा."

ते दारात उभे राहिले आणि डॉक्टरांसह बाबनरावजी बाहेर पडले. मारोतरावांवर आडवं पडायची वेळ आली नाही, पण पडले असते.

आपण हरलो. एका गोलने. कंपाउंडच्या भिंतीवर माणसं बसली होती, झाडांवर बसली होती. सामना संपल्यावर मंत्री गेले, बाबनरावजी गेले, बाकी कोणी गेलं नाही. हरलेल्या मुलांबरोबर सगळी वस्ती चालत चालत घरापर्यंत गेली. रुख्माबाई मारोतरावांना म्हणाल्या, "गुरुजी, पोरगा तुमच्यावर रागावून आहे. राहू द्या रागावून. पाय तर आहे." तो राग पुढे वर्षभर टिकला. मग गेला.

त्यानंतर पद तेच ठेवून मारोतरावांच्या हातून संघ काढून घेतला आणि त्यांना भांडारातल्या बॅटी सांभाळायला दिल्या. कलकत्त्याहून खेळाडू आले. सगळे कला शाखेच्या प्रथम वर्षात. त्यांतल्या एकाने मला परीक्षेच्या दिवसांत थांबवून विचारलं होतं की त्याला परीक्षेला विषय कोणते आहेत. मला त्या मुलाचा राग नाही आला. तो बिचारा डेलच आहे, फक्त अजून पडलेला नाही. राग येतो तो त्याला आणणाऱ्यांचा. व्यवसाय करायचा तर उघड करा, दुकान मांडा, पाटी लावा. कॉलेजचा सदरा घालून बाजार कशाला? अमेरिकेतला माणूस निदान शनिवार आणि रविवार वेगळे ठेवतो. आपण शनिवारच्या मैदानात रविवार घुसवला, आणि त्याला प्रगती म्हणून हार घातला.

ते जिंकले. कप आला, प्राचार्यांच्या खोलीत आहे, पुसलेला असतो. पण तो सामना पाहिला कोणी? मी गेलो होतो. माळी होता, पाणी देणारा नत्थूजी होता, आणि बाबनरावजींच्या ट्रॅक्टरच्या दुकानातले नोकर होते, त्यांना रजा देऊन बसवलं होतं. गोल झाला की ते आधी साहेबांकडे पाहत आणि मग टाळ्या वाजवत. एवढा सुंदर खेळ आणि इतका कंटाळवाणा तास मी आयुष्यात अनुभवला नाही.

यंदा स्पर्धेआधी, हे खेळाडू आपले नियमित विद्यार्थी आहेत, असं क्रीडा-संचालकाने लिहून द्यायचं होतं. मारोतराव म्हणाले, लिहिणार नाही. त्यानंतर त्यांची प्रकृती बिघडली. पगार थांबवू, चौकशी लावू, पेन्शन अडकवू, असं ऐकल्यावर कोणाची बिघडणार नाही? यमुताई त्यांना म्हणाल्या, "देऊन टाका राजीनामा, पण लिहून देऊ नका." हीच ती स्वेच्छा.

आता शेवटाकडे येतो. मागे उभी आहेत ती मुलं आपल्याच कॉलेजची आहेत, पण दोन वर्षांत त्यांना कॉलेजच्या मैदानावर पाय ठेवू दिलेला नाही. मारोतराव त्यांना सकाळी बेसा गावाच्या वाटेवर एका पडीत जागेत खेळवतात. जागेश्वर आता उमरेडच्या एका शाळेत शिकवतो, रविवारी तोही येतो आणि पळतो. मी पाहायला जातो. खेळ, खरं सांगायचं तर, भिकार आहे. चेंडू सारखा तुरीत जातो. तरी बांधावर बसायला जागा मिळत नाही, कारण बसलेल्या प्रत्येकाला आत कोणीतरी स्वतःचं दिसत असतं. उद्या मारोतराव भांडाराच्या किल्ल्या देऊन मोकळे होतील. परवा सकाळी ते तिथेच असतील. ज्यांना शनिवार-रविवारच्या या वादाचा निकाल हवा असेल त्यांनी यावं.

अध्यक्ष महाराज, माझी नोकरी अजून काही वर्षं शिल्लक आहे, याची मला कल्पना आहे. माझीही प्रकृती बिघडू शकते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आयोजकांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात निरोपाच्या प्रसंगाला न शोभणारं बरंच काही आलं, आणि ज्यांच्यासाठी उभा राहिलो त्यांच्यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्यावरच गेला. मारोतराव, यमुताई, त्याबद्दल तुम्ही मला क्षमा करावी. ती मी तुम्हा दोघांकडेच मागतो आहे. अध्यक्षांकडे मागत नाही.