आज साहेब नाहीत

(शहराच्या पाणीपुरवठा विभागाचा नियंत्रण कक्ष. मधल्या टेबलाभोवती उपप्रमुख बाई आणि कर्मचारी. कोपऱ्यात दोन खुर्च्या. एकीवर विभागप्रमुख, दुसरीवर मुख्यालयातून आपत्तीचा सराव घ्यायला आलेल्या परीक्षक.)

परीक्षक : नाही साहेब, मान हलवायची नाही. खाणाखुणाही नाहीत. तुम्ही गेलात.

प्रमुख : गेलो म्हणजे कुठे, ते तरी मुख्यालयाने ठरवलंय का?

परीक्षक : वर. सकाळीच, अचानक. कागदावर 'हृदयविकार' लिहिलंय.

प्रमुख : निदान विचारायचं तरी. माझं हृदय ठणठणीत आहे. गुडघे गेलेत.

परीक्षक : गुडघ्यांनी माणूस मरत नाही. आणि हळू बोला, त्या टेबलापर्यंत आवाज जायला नको.

प्रमुख : मारायचंच कशाला पण? रजेवर आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं.

परीक्षक : रजेवरच्या माणसाला लोक फोन करतात. मागच्या विभागात साहेबांना रजेवर पाठवलं, तर त्यांनी संडासात बसून सगळा सराव स्वतःच चालवला. तेव्हापासून आम्ही थेट मारतोच.

प्रमुख : बरं. आणि नदीत काय सोडलंय?

परीक्षक : वरच्या अंगाच्या कारखान्यातलं रसायन. अर्थात कागदावरच. दुपारपर्यंत तुमच्या उपसा केंद्रापाशी पोहोचतं. उपप्रमुख बाईंना चिठ्ठी दिलीय : साहेब गेले, नदी नासली, आता तुम्ही बघा.

प्रमुख : त्या बिचाऱ्या माझ्याकडेच बघतायत.

परीक्षक : हो, ते लिहून घेतलंय. मघाशी शिपायानेही सहीची फाइल तुमच्याचपुढे ठेवली.

प्रमुख : सवयीने ठेवली असेल.

परीक्षक : आणि तुम्ही खिशातून पेन काढलंत.

प्रमुख : तेही सवयीने. एक विचारू का? माझा नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज तुमच्याकडेच आलाय ना?

परीक्षक : आलाय. दोन वर्षं मागितलीत. कारण दिलंय, 'विभागात पर्यायी व्यक्ती उपलब्ध नाही.'

प्रमुख : खोटं आहे का?

परीक्षक : तेच तर बघायला बसलेय.

प्रमुख : म्हणजे यांनी निभावलं तर मी घरी.

परीक्षक : आणि नाही निभावलं, तर इतकी वर्षं साहेबांनी शिकवलं काय, असं वर विचारतील.

प्रमुख : इकडे आड, तिकडे विहीर.

परीक्षक : पाणीवाल्यांना चालायला हरकत नाही.

प्रमुख : तुम्हाला गंमत वाटतेय. घरी मला काही येत नाही, मॅडम. आमची ही म्हणते, तुम्ही घरात असलात की पाहुणा आल्यासारखं वाटतं. इथे शहरातली कुठली वाहिनी कुठे गळते ते मला झोपेतही सांगता येईल. घरातला नळ गळला की प्लंबरला ती बोलावते. खरं सांगायचं तर मला भीती वाटते घरी बसायची.

परीक्षक : हे अहवालात येणार नाही.

प्रमुख : नकोच. तुम्हाला सांगितलं, एवढंच.

उपप्रमुख : सगळ्यांनी जरा इकडे लक्ष द्या. नदीतला उपसा बंद करा, आत्ता. टाक्यांत आहे तेवढंच पाणी सोडायचं. लोकांना आधी कळवा, परवानगीचं पत्र मागून येईल.

प्रमुख : परवानगीच्या आधी? मी थांबलो असतो.

परीक्षक : कुठवर?

प्रमुख : वरून होकार येईपर्यंत.

परीक्षक : आणि रसायन?

प्रमुख : ते कशाला थांबतंय. बरोबर केलं तिने.

उपप्रमुख : पूर्वेच्या वस्त्यांमधल्या टाक्या लहान आहेत, त्या आधी रिकाम्या होतील. आपले सगळे टँकर तिकडे पाठवू या.

प्रमुख : सगळे नाही हो.

परीक्षक : साहेब.

प्रमुख : मॅडम, मोठं रुग्णालय राहिलं. तिथे डायलिसिस चालतं, दिवसभर पाणी लागतं. त्यांची टाकी दुपारीच तळाला जाते. आणि टँकर एकदा वस्तीत शिरला की लोक त्याला सोडत नाहीत. एक वाक्य बोलू द्या, परत मरतो.

परीक्षक : बोला की. मी अडवत नाही. फक्त लिहीन.

प्रमुख : काय लिहाल?

परीक्षक : की विभागात पर्यायी व्यक्ती उपलब्ध नाही. तुमचा अर्ज मंजूर होईल.

प्रमुख : असं आहे होय. बोललो तर राहतो, गप्प बसलो तर जातो.

परीक्षक : रुग्णालय आज कागदावर आहे. पुढच्या खेपेला खरं असेल. तेव्हा तुम्ही इथे असालच, असं मला लिहून द्याल का?

प्रमुख : तिने फोन उचलला.

परीक्षक : दिसतंय.

प्रमुख : टँकरवाल्यांनाच लावतेय.

परीक्षक : असेल. तोंडावरचा हात काढा, गुदमराल.

प्रमुख : हे कशाला उठले आता?

परीक्षक : कोण ते?

प्रमुख : आमचे रसायनतज्ज्ञ. पाण्याची तपासणी त्यांच्याकडे. सगळे मौनीबाबा म्हणतात. बैठकीत येतात, चहा पितात, जातात. आवाज कोणी ऐकलेला नाही.

उपप्रमुख : काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू दे. डायलिसिस, बरोबर. माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. दोन टँकर आधी रुग्णालयाला जाऊ देत, बाकीचे पूर्वेला. आणखी कोणाला काही दिसतंय का? माझं चुकत असेल तर आत्ताच बोला. मागून बोलून उपयोग नाही.

प्रमुख : म्हणजे मौनीबाबांना ठाऊक होतं.

परीक्षक : बरीच वर्षं असणार.

प्रमुख : मग माझ्यासमोर कधी बोलले का नाहीत?

परीक्षक : तुम्ही विचारलं होतंत?

प्रमुख : मला माहीतच असायचं. विचारायची वेळच आली नाही.

परीक्षक : हं.

प्रमुख : हे लिहू नका.

परीक्षक : हेच लिहिणार आहे. बाकीचं सगळं फुटकळ आहे.

प्रमुख : बघा ना, आप मेला जग बुडाला म्हणतात. इथे मी मेलो आणि जगाला वाचा फुटली.

परीक्षक : वाईट वाटलं?

प्रमुख : वाटलं. खोटं कशाला बोलू? तिचं कौतुकही वाटलं, पण वाईट आधी वाटलं.

परीक्षक : बरं, माझं काम झालं. सराव संपल्याचं सांगते त्यांना. अर्जाचं काय करू?

प्रमुख : परत द्या. त्यात लिहिलेलं कारण खरं नाही.

परीक्षक : दुसरं कारण घालून पुन्हा द्याल?

प्रमुख : घरी बसायची भीती वाटते, हे कारण चालतं का तुमच्या मुख्यालयात?

परीक्षक : नाही चालत.

प्रमुख : मग राहू दे.

उपप्रमुख : साहेब, सुटलात एकदाचे. आता बोला. कुठे कुठे चुकले मी?

प्रमुख : टँकरचं तुम्हाला कळलंच.

उपप्रमुख : ते झालं. आणखी? तुमचा चेहरा बघूनच माझा जीव निम्मा झाला होता. सांगा ना, मी लिहून घेते.

प्रमुख : मला नका विचारू.

उपप्रमुख : रागावलात का?

प्रमुख : नाही, नाही. एक खुर्ची घ्या इकडे, आणि रसायनतज्ज्ञांना बोलवा. आधी ते बोलतील. मी ऐकतो.