पुलापलीकडून घरी

मास्तर : क्लच, काकू, क्लच! हळू सोडा! अहो, गाडी उड्या मारतेय!

काकू : मारू दे! पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच घरचं कोणी अडवायला नाहीये मला.

मास्तर : समोर सायकल!

काकू : दिसली. ओ सायकलवाले भाऊ, बाजूला व्हा, मी शिकतेय!

मास्तर : काच वर घ्या. त्याला हॉर्न असतो.

काकू : बघा, कसा झकास ब्रेक मारला!

मास्तर : तो मी मारला. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो.

काकू : म्हणजे आठवडाभर तुम्हीच? आणि मी घरी फुशारक्या मारतेय!

(गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडते. मागे हॉर्न वाजू लागतात.)

मास्तर : वाजवू देत. तुमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांना एकदम गाडी शिकायची हुक्की कुठून आली हो?

काकू : कोपऱ्यावरचं दारूचं दुकान कोणी बंद पाडलं?

मास्तर : तुम्हीच की. मोर्च्यात सगळ्यात पुढे!

काकू : हार घातले लोकांनी! दुकान होतं तेव्हा गल्लीतले नवरे पायी जायचे, पायी यायचे. फार तर गटारात पडायचे. आता गाडी काढून पुलापलीकडच्या दुकानात जातात आणि पिऊन तीच गाडी हाकत येतात.

मास्तर : तरीच पुलाचा कठडा तुटलाय.

काकू : आमच्या ह्यांनीच तोडला! गाडी अर्धी हवेत, आणि आत हे घोरतायत!

मास्तर : हसताय काय, काकू?

काकू : रडून झालंय. त्या दिवशी माझं कुंकू पुसलं गेलं असतं, मास्तर.

मास्तर : मग दुकान उघडा म्हणा परत.

काकू : कुठल्या तोंडानं? आणि आमच्या गल्लीतल्या शिवणकामवालीचा नवरा सुधारलाय हो बंदीनं. त्याच्याकडे गाडीच नाही. तिचा संसार परत उधळू? त्यापेक्षा तुमच्यासारखा जादा ब्रेक आमच्या गाडीत बसवून द्या. मी ह्यांच्या शेजारी बसेन.

मास्तर : आणि स्टिअरिंग? ते त्यांच्याच हातात ना?

काकू : हं. मग शिकायलाच हवं. करा सुरू.

मास्तर : किल्ली तुमच्याकडे आहे. मैदानात घ्या, तिथे कोणी नसतं.

काकू : नको, पुलाकडे घेते.

मास्तर : एवढ्यात? जाऊन-येऊन जमेल?

काकू : जाताना हे शुद्धीवर असतात. मला येतानाचा रस्ता तेवढा शिकवा.