शेवटचं गाणं सहाच्या आत

...आणि वर मलाच विचारतात, "दिग्दर्शक तुम्ही ना? मग दार कुठाय?" अहो, मला काय विचारता? दार सुताराकडे! सुतार कुठाय? गिऱ्हाइकाकडे! कशाला? तर दाराचं माप पुन्हा एकदा घ्यायला! तीनला पडदा वर जायचाय, अडीच वाजलेत, स्टेजवर नुसती चौकट उभी, आणि आमच्या खानदानी वाड्याचं दार गावभर हिंडतंय! तुम्हाला सांगतो, माणसानं एक वेळ वाघ पाळावा, पण हौशी मंडळात संगीतिका बसवू नये. त्यातून विनोदी संगीतिका तर नाहीच नाही.

थांबा, नीट सांगतो. मी दिवसभर दातांच्या डॉक्टरांकडे नंबर पुकारतो. "सतरा नंबर, आत या. अठरा नंबर, रडू नका." हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि संध्याकाळी मी आमच्या मंडळाचा दिग्दर्शक, आज आठ वर्षं! आता संगीतिका म्हणजे काय, तर त्यात बोलायचं नाही, सगळं गायचं. "कोण आहे?" हे गाऊन विचारायचं. "मी आहे" हे गाऊन सांगायचं. "मी म्हणजे कोण?" पुन्हा गाणं! एक माणूस घरात शिरेपर्यंत सात मिनिटं जातात... आणि तिथेच आमचं घोडं पेंड खातं. का? तर हॉलचे मॅनेजर!

हा गृहस्थ म्हणजे घड्याळाला पाय फुटलेत नुसते. दुपारी हॉलचं भाडं निम्मं, म्हणून आमचा खेळ तीन ते सहा. साहेब फुकटच्या पासावर पहिल्या रांगेत बसणार, सहाला पाच कमी असताना उठणार, शांतपणे बाजूच्या खोलीत जाणार आणि सहाच्या ठोक्याला मेन स्विच खाली! आठ वर्षांत एकदासुद्धा, एकदासुद्धा हो, आमचं शेवटचं गाणं झालेलं नाही! एका वर्षी नायकानं पाकीट फोडलं, पत्र बाहेर काढलं, वाचायला आ केला... अंधार! एका वर्षी नायिका दोघांपैकी कुणाच्या गळ्यात हार घालणार, हात वर केले... अंधार! पुढे दोन-दोन महिने लोक मला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय हो, शेवटी कुणाला घातला?"

आणि या वर्षीची संगीतिका माझी स्वतःची. शब्द माझे, चाली माझ्या! गोष्ट साधी. एक कंजूष जहागीरदार, त्याची मुलगी, आणि तिचा कफल्लक प्रियकर. हा अगदी शेवटच्या प्रवेशात मोठ्या सरदाराचा कोट चढवून त्या घरात शिरतो, तिथेच पकडला जातो, पण मुलगी म्हणते, मला कोट नको, आतला माणूस हवा. मग सगळ्यांचं मिळून शेवटचं गाणं. काय गाणं झालंय म्हणून सांगू! माझी बायको पेटी वाजवते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एकवीस वर्षांत तिनं माझ्या कशालाही चांगलं म्हटलेलं नाही. ते गाणं तिनं एकदा वाजवलं, भाता मिटला आणि म्हणाली, "हे बरं जमलंय." अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! मी त्याच दिवशी ठरवलं, बाकी काय वाटेल ते होवो, या वर्षी हे गाणं लोकांच्या कानावर पडलंच पाहिजे. सहाच्या आत.

आता खर्चाचं बघा. आमचे अध्यक्ष चष्म्याचे दुकानदार. मंडळाच्या तिजोरीला हात लावायचा म्हटला की ते आधी किल्ली लपवतात. मी म्हणालो, "अध्यक्षसाहेब, सोफा लागेल." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "विकत कशाला? आपल्यात आहे की!" आपल्यात म्हणजे कुणात? तर आमच्या सुताराकडे एका बाईंचा सोफा दुरुस्तीला आलाय, तो! दार? "आपल्यात आहे की!" त्याच सुताराकडे एका गिऱ्हाइकाचं नवं कोरं दार तयार आहे. पडदे, चादरी? लाँड्रीवाल्या वहिनी आपल्या नायिका, त्यांच्याकडे शंभर घरचे धुऊन पडलेत. आणि सरदाराचा कोट? आमचा नायक शिंपी! त्यानं दुकानातून असा एक कोट आणला, काळाभोर, चकचकीत, जरीचे काठ, आत रेशमी अस्तर... मी विचारलं, "कुणाचा रे?" तर म्हणतो, "छाती शेहेचाळीस, पोट बावन्न." बरं, नाव? "दादा, नावं बायको लिहून ठेवते, मला मापं पाठ." म्हटलं जाऊ दे, माणूस एवढा रुंद आहे तर मनानंही मोठा असेल.

मग तिकिटं. अध्यक्षांनी हुकूम काढला, प्रत्येकानं चाळीस तिकिटं खपवायची. आणि मी दिग्दर्शक, मी शहाणा, मी आठ वर्षांचा अनुभवी, मीसुद्धा मान डोलावली! अहो, शिंपी तिकिटं कुणाला विकणार? गिऱ्हाइकांना! सुतार कुणाला विकणार? गिऱ्हाइकांना! वहिनींनी तर इस्त्रीच्या गठ्ठ्यागणिक दोन-दोन तिकिटं खोचली! म्हणजे ज्यांच्या वस्तू स्टेजवर मांडायच्या, त्यांनाच आम्ही हात धरून समोर बसवलं! आणि हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तालमींचं तर विचारूच नका. कोरसमध्ये अकरा जण, अकरांना मिळून एक ओळ पाठ होईना! शेवटी मी कंटाळलो, म्हटलं, "हे बघा, तुम्ही काही पाठ करू नका. नायक जे शेवटचं गाईल तेवढंच तीनदा म्हणा. कळलं?" "कळलं, कळलं, कळलं!" आणि सगळ्यांना एक दम भरून ठेवला. काहीही होवो, पडदा कोसळो, विंचू चावो, स्टेजवर बोलायचं नाही. बोललात की संगीतिका मेली. गायचं!

झालं, खेळाचा दिवस उजाडला. दार आलं पावणेचारला! म्हणजे पाऊण तास तिथेच गेला. पहिला अंक संपला तेव्हाच साडेचार! दुसऱ्या अंकात वहिनी "प्राणनाथा" वर जी तान घेऊन गेल्या त्या परत येईनात! मी विंगेतून हात जोडतोय, घड्याळ दाखवतोय, त्या डोळे मिटून गातायत. तिसरा अंक सुरू झाला साडेपाचला. शेवटचं गाणं यायला अजून निदान अर्धा तास, तो संपेस्तोवर सहा, वर गाणं सहा मिनिटांचं! मी पेटीकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि लय दुप्पट केली. एकवीस वर्षांत मला ती एवढी कधी आवडली नव्हती! वहिनी धापा टाकतायत, जहागीरदार खोकतोय, मी मनातल्या मनात मिनिटं मोजतोय...

आणि सहाला पाच कमी. मॅनेजरसाहेब उठले! संपलं, म्हटलं. आठ वर्षं गेली तसं नववं. साहेब दोन पावलं चालले असतील, तेवढ्यात स्टेजवरचं दार उघडलं आणि आमचा शिंपी सरदाराच्या थाटात तो कोट घालून आत आला.

साहेब जागच्या जागी थांबले. मान वळली. आणि हॉलभर आवाज घुमला, "अरे! हा तर माझा कोट!"

घ्या! छाती शेहेचाळीस, पोट बावन्न, समोरच उभं! साहेब ओरडतायत, "माझ्या मुलीच्या लग्नाचा कोट! परवा लग्न आहे! काढ! काढ आधी!" आणि पायऱ्या चढून थेट स्टेजवर! लोकांना वाटलं, वा, सरदार पकडला गेला, काय प्रवेश रंगलाय! टाळ्या! शिंपी पांढराफटक. मी विंगेतून ओरडतोय, "गा! गा!" आणि त्या पठ्ठ्यानं, तुम्हाला सांगतो, हात जोडले, डोळे मिटले आणि भैरवीसारखा आर्त सूर लावला, "साहेब, दोनच टाके राहिलेऽऽत... उद्या सकाळी देतो!"

आणि कोरस? अकराच्या अकरा, छाती काढून: "उद्या सकाळी देतो! उद्या सकाळी देतो! उद्या सकाळी देतो!"

अहो, हॉल फुटला! अर्ध्या हॉलनं त्या शिंप्याच्या तोंडून हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकलेलं! बायका पदर तोंडात कोंबतायत, एक आजोबा खुर्चीवर उभे राहून ओरडतायत, "माझी विजार, माझी विजार!" आणि कोरस लगेच, "उद्या सकाळी देतो!" साहेब ओरडले, "उद्या नाही, आत्ता!" आणि काय सांगू, माणसाचा आवाज खर्जातला, खणखणीत, नेमका सुरात लागला! बायकोनं तो सूर उचलला. साहेबांना कळेना आपण भांडतोय की गातोय! ते बघून धीर आला की काय, तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या, "मेल्यांनो, तो माझा सोफा!" वर आल्या, ऐटीत सोफ्यावर बसल्या, म्हणाल्या, "आता घेऊनच जाईन." आणि मांडीवर पर्स ठेवून पुढचं बघायला लागल्या. मागून कोणीतरी आपली चादर ओळखली. जहागीरदाराचं दार ज्याचं होतं तो येऊन बिजागऱ्या तपासायला लागला. अध्यक्ष माझ्या शेजारी चष्मा पुसतायत, मी त्यांच्या कानात म्हणालो, "अध्यक्षसाहेब, आपल्यात आहे की! सगळंच आपल्यात आहे!"

आणि माझी नजर घड्याळावर गेली. सहा वाजून चार मिनिटं! सहा वाजून चार, आणि दिवे चालू! चालू राहणारच, स्विच ओढणारा माणूस स्टेजवर एक बाही ओढत उभा! मी बायकोला हात केला. तिनं सूर दिला. शेवटचं गाणं! वहिनींनी सुरुवात केली, शिंप्यानं अर्ध्या कोटात साथ दिली, कोरस पाठीशी, साहेब खर्जात "आत्ता, आत्ता" म्हणतायत... आणि गाणं झालं हो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत! सहा मिनिटं! पडदा पडला, खरोखरचा पडला, दोरीनं! मी विंगेत खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. नाही लपवत तुमच्यापासून.

साहेब आत आले, कोट हातावर. मला वाटलं, आता मंडळ बंद. तर म्हणाले, "पुढच्या वर्षी साडेसहापर्यंत घ्या... आणि तो माझा प्रवेश जरा वाढवा." मी हवेत! एवढ्यात त्या सोफ्याच्या बाई आल्या. माझे दोन्ही हात धरले. "काय हसले हो, पोट दुखतंय अजून! आठही वर्षं येते मी. पण एक सांगू का, रागावू नका. दर वर्षी घरी जाऊन आम्ही शेवट आपला आपण रंगवायचो, रात्री जेवताना भांडायचो त्याच्यावरून. यंदा तुम्हीच सगळं गाऊन टाकलंत... ते शेवटचं गाणं नसतं तर चाललं नसतं का?"

मी म्हटलं, "बघतो पुढच्या वेळी." आणि सोफ्याचं एक टोक धरलं. कारण सुतार पळून गेला होता, आणि बाई राहतात तिसऱ्या मजल्यावर.