फाटकाशी आलेली खडखड

स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक तरुण आपल्या भावजींशी बोलत होता.

"बाबांच्या गाडीचं इंजिन घरीच उघडलं, भावजी. झिजलेली टायमिंग चेन काल काढून ठेवली."

"बरं केलंस. काय खडखडायची! बाबा वळणावर आले की घरात कळायचं."

"आज सकाळी तीच खडखड फाटकाशी आली."

"दुसऱ्या कुणाची गाडी असेल रे."

"रस्ता रिकामा होता. आई दार उघडायला गेली."

"बाबांना जाऊन वर्ष झालं! तिला समजावायचं ना."

"तिला माहीत आहे. तरी ती दारात बोलत उभी होती."

"कुणाशी?"

"मला कुणी दिसलं नाही. आत येऊन म्हणाली, नवी चेन बसवलीस तर ते आल्याचं मला कळणार कसं?"

"मग ही हातातली?"

"नवीच आहे. परत करायला आलोय."