बिनगाड्यांचा रस्ता

जुन्या रेल्वेमार्गावर आता फक्त सायकलींसाठी रस्ता केला आहे. त्याच्या कडेच्या दुरुस्तीच्या दुकानात मी पंक्चर निघायची वाट बघत होते. माझ्याआधी एक मुलगी आणि तिचे वडील होते. मिस्त्री त्यांच्या सायकलींचे ब्रेक तपासत होता.

“बाबा, प्रत्येक वळणावर तुम्ही हात दाखवत होतात. कुणाला? गाईंना?”

“जन्मभर बस चालवली. हात आपोआप बाहेर जातो.”

“या रस्त्यावर गाड्या येतच नाहीत!”

“जिथे काही येत नाही म्हणतात ना, तिथेच ठोकतात.”

“नदीच्या पुलावर सगळे थांबून डोंगर बघत होते. तुम्ही काय ओरडलात? ‘पुलावर थांबायचं नाही!’”

“नसतंच थांबायचं.”

“डोंगर बघितलात तरी का?”

“माझं लक्ष समोर होतं.”

“धन्य आहे! मला वर्षातून एकदा धड सुट्टी मिळते. तुमच्या शेजारून सायकल चालवत गप्पा माराव्यात, म्हणून हा रस्ता शोधला. आणि दिवसभर बघितलं काय? तुमची पाठ! एका शब्दाला उत्तर नाही.”

“चालकाशी बोलू नये.”

“हसू नका. उद्या मी पुढे निघणार. तुम्ही या मागून, हात दाखवत.”

“अगं, पण...”

“पण नाही नि बिण नाही.”

“बरं. ओ मिस्त्री, हिच्या सायकलला एक आरसा लावा.”

“मला कशाला आरसा? मागून कोण येणार आहे इथे?”

“मी येतोय ना.”