किसनरावच्या एसीतला गॅस

…अन् वरून गोधडी! मे महिना, बाहेर शेचाळीस, यवतमाळात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अन् माही सख्खी माय दुपारी गोधडी काखेत मारून निघते. कुठं? बाजूच्या किसनरावच्या घरी. कायले? झोपाले! आता तुम्हीच सांगा, घरी दीड टनाचा पांढराफक्क एसी भिंतीवर टांगून असताना माय शेजाऱ्याकडं जाऊन झोपते, तं पोरानं तोंड कुठं लपवाव? मी काही जळत नाही बरं, फक्त सांगून राह्यलो.

चार वाजता परत येते, गालावर उशीचे वळ, अन् मले म्हनते, "देवा, किसनच्या घरी लय थंड लागते बाप्पा. पाय पोटाशी घेतले मी." पाय पोटाशी! इथं मी पन्नाशीचा घोडा, बनियन पिळून वाळू घालून राह्यलो, अन् हिचे पाय पोटाशी.

मंग समजलं… किसनरावनं एसीत गॅस भरून घेतला म्हने. सांगते कसा, कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून, "देवराव, गॅस काय भरला, काश्मीर झालं पाहा घर." काश्मीर? जो मानूस जन्मात उमरखेडच्या पुढं गेला नाही, थो मले काश्मीर सांगते! तुम्हाले सांगतो, मले जेवन गेलं नाही. पन मी जळत नाही बरं, फक्त सांगून राह्यलो.

सकाळीच अश्वजितले फोन. अश्वजित म्हंजे लोहारा गावचा एसीवाला, किसनरावचा गॅस भरला तोच. म्हटलं, "ये बावा, अन् किसनरावले जितका भरला त्याच्याहून जरासा जास्तच भर."

आला. बाहेरच्या डब्याले घड्याळावानी मीटर लावलं, पाहिलं, अन् म्हनते, "काका, गॅस फुल आहे."

म्हटलं, "असा कसा फुल? त्याच्या घरचा संपते, अन् माह्या घरचा संपत नाही?"

"काका, हा काय सयपाकाचा सिलिंडर आहे, जळून संपाले? त्यांची नळी लीक होती. नळीले झाळ मारून फट बुजवली, मंग भरला. तुमची नळी चांगली आहे."

आता अन्याय पाहा. त्याची नळी फुटकी, तं त्याले काश्मीर. माही नळी चांगली, तं मले काहीच नाही? म्हटलं, "वरतून पावशेर तरी टाक." तं म्हनते, "जास्त झाला तं आहे ते थंडीही जाईन काका." म्हटलं, "आहे कुठं जाले?"

मंग थो खोलीत आला, अन् दारातच थांबला. इकडं भिंतीवर एसी चालू, अन् खिडकीत आपला कूलर चालू.

"काका, हे काय?"

"कूलर."

"ते दिसते. पन चालू काहून आहे?"

हे काय विचारनं झालं? विदर्भात जन्मलेला मानूस खिडकीतला कूलर काढते का? होळी झाली की त्याले रंग मारा, नवा वाळा लावा, टाकी धुवा… बारा वर्षं सेवा केली त्यानं. एसी आला म्हनून काय त्याले घराबाहेर काढाव? मी सांगतलं समजावून, "एसी थंडी तयार करते, कूलर थे खोलीभर लोटते." अन् समोरची खिडकी सताड उघडी, कारन कूलरले हवा खेळती लागते, हे तं लहान पोट्ट्यालेही माहीत आहे.

अश्वजित डोकं धरून खालीच बसला. "काका, दोन महिन्यापासून तुम्ही साऱ्या गल्लीले थंडी वाटून राह्यले."

काढला कूलर. मन तुटत होतं, पन काढला. खिडक्या बंद, फटीत कागद कोंबले, अन् अर्ध्या घंट्यात, खोटं नाही सांगत, माह्याच घरात माह्याच अंगावर काटा! तेवढ्यात किसनराव भिंतीवरून डोकावला. "देवराव, कूलर उन्हात ठेवला? लागत नसंल तं मी ओसरीत लावतो." म्हटलं, ने लेका. तू बस आता कूलरपुढं, काश्मीर इकडं आलं. मोठ्या मनानं देऊन टाकला.

दुपारी मायले हाताले धरून खोलीत आनली, गोधडी अंथरली, रिमोट सोळावर केला. दहा मिनिटं झाली. माय उठली, गोधडी काखेत.

"माय, कुठं?"

"गुडघे ठनकून राह्यले रे देवा. अन् किसननं ओसरीत कूलर लावला म्हने, वाळ्याचा काय वास येते बाप्पा."

"माय, थो कूलर आपलाच आहे!"

"असंल. पन किसनच्या घरी चांगला चालते."

गेली. तिच्यामागं माही बायको ममता गेली, टरबूज घेऊन. मी एकटा, सोळावर, अन् पांघराले काही नाही, गोधडी तं मायनं नेली. बंद खिडकीच्या काचेतून दिसते सारं… ओसरी, हसनं, टरबुजाच्या फोडी, अन् मधात माहा कूलर. मी काही जळत नाही बरं. एसी बंद केला, उशी काखेत मारली, अन् गेलो.

किसनराव सरकून बसला, जागा दिली, म्हनते, "ये देवराव, ये… तुह्या घरी गरम होत असंल."

म्हटलं, हो.