तुमच्या जारमधलं पेलाभर

पीत राहा, बाई, माझ्याकडे बघू नका – उत्तरं देण्याची तर मुळीच गरज नाही, बोलायला मी आहे. तोंडात धरून ठेवलं की ते पोट साफ करायचं औषध आणखी खारट लागतं, म्हणून नाक दाबायचं आणि गिळून मोकळं व्हायचं. लिंबाचा वास घातलाय म्हणे त्यात – वास घातला की सरबत होतं का? नाही होत. मला कसं ठाऊक? अहो, गेल्या शस्त्रक्रियेच्या आधी मीही असाच जार रिकामा केला होता, याच वॉर्डात, त्या खिडकीजवळच्या खाटेवर. दुपारभर आत-बाहेर, आत-बाहेर. मुलगा म्हणाला, आई, तू बिछाना तिकडेच का टाकत नाहीस. मी म्हटलं, रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या बाईशी असं बोलतात का – हो, सकाळच्या बातम्या वाचायची मी – हसलो दोघं. तेव्हा हसू येत होतं.

या खेपेला मला ते दिलेलंच नाही. उद्या तुमच्या पाठोपाठ माझाच नंबर, तेच मोठे डॉक्टर, तेच टेबल – पण माझ्या कपाटावर जार नाही. का नाही? मुलानं सगळं नीट समजावलं. म्हणाला, आई, आता मतं बदलली आहेत, आतडं धुऊन घेतलं म्हणून जखम पिकायची थांबतेच असं नाही, काही सर्जन आता धुऊन घेतच नाहीत, काही जण धुण्याबरोबर जंतूंवरच्या गोळ्याही देतात, ज्याचा त्याचा अनुभव, आणि वयस्कर माणसाच्या अंगातलं पाणी त्यानं उगीच आटतं. खोटं काहीच नव्हतं त्यात, मी डॉक्टरांना विचारून घेतलं नंतर. पण काय सफाईनं बोलला – एक वाक्य अडखळलं नाही. जो मुलगा साधा निरोप सांगताना चारदा 'म्हणजे' म्हणतो, त्याची वाक्यं अशी घडीव यायला लागली की समजावं, कुणीतरी तयार करून दिलेली आहेत. दुसऱ्यानं तयार करून दिलेलं वाचण्यातच माझी हयात गेली, मला नाही कळणार?

तरी मानलं. मानायला बरं वाटत होतं. आणि मग सकाळी सिस्टर तुमचा जार घेऊन आल्या – डॉक्टर तेच. मी विचारलं, मग यांना का? तर म्हणाल्या, यांचं खालच्या भागाचं आहे, गाठ काढून तिथे जोड द्यायचाय, म्हणून स्वच्छ लागतं. माझंही खालचंच आहे, म्हटलं. त्या चादर सारखी करत राहिल्या, सारखी असलेली चादर. लक्षात आलं ना? तुमचं काढायचं आहे आणि जोडायचं आहे. माझ्या पोटावर काल पेनानं एक गोल काढून गेले, उठवून-बसवून, वाकवून बघून – शौचाची पिशवी कुठे लावली तर बरी पडेल म्हणून. तात्पुरती का, विचारलं, तर डॉक्टर मुलाकडे बघत मला म्हणाले, आधी तुम्हाला आराम पडू दे. गेल्या वेळी उठता-बसता 'काढू, काढू' म्हणत होते. या वेळी तो शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आलेला नाही. गाठ आहे तिथेच राहणार, वाट तेवढी वरच्या वर वळवून देणार.

थांबलात का? मळमळतंय? – मग थोडं थांबा. एक मागू? त्यातलं पेलाभर मला ओता. सिस्टर जेवायला गेल्यात. नाही, मला सक्त मनाई आहे, तोंडावाटे पाणीसुद्धा नाही, हे सलाईन त्यासाठीच. आत गेलेलं पुढे सरकायला जागा नाही, पोट फुगलंय ते तुम्हाला दिसतंच आहे – आतडं फुटेलसुद्धा म्हणाले. पण मी काय म्हणते – समजा, थोडी फट असली. समजा, सकाळपर्यंत झालं साफ. डॉक्टर बघतील आणि म्हणतील, एवढी तयारी झालीच आहे तर काढूनच टाकू. होत नाही असं? नाही होत. मी काय दुधखुळी आहे? धुतलं म्हणून गाठ विरघळत नाही, आणि ती आता यकृतावरही गेली आहे. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मुलगा जिन्यात बायकोशी फोनवर बोलत होता, आणि रडायला लागला की त्याचा आवाज अजून लहानपणीसारखा बारीक होतो. मला कळलंय हे त्याला कळता कामा नये. आता माझ्याकडे तेवढं एकच काम उरलंय, आणि तेही जमतंय असं नाही – पोटात ते गेलं तर तेवढ्यापुरतं मलाही खरं वाटेल – म्हणून म्हणते, पेलाभर. अर्धा पेला. घोटभर तरी.

जार पलीकडे का ठेवलात? बेल दाबलीत होय. – नाही हो, रागावले नाही, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. तुम्ही घरी जाणार आहात, तुम्हाला कशाला लचांड. फक्त सिस्टरना सांगा, चुकून हात लागला. पावलं वाजली – त्या नव्हेत, हा तर – 

ये रे. काही नाही, गप्पा मारत होतो जरा. बस. बाई, तुम्ही तेवढा पडदा ओढून घ्या.